सोफा, रांग आणि बीरगावचा खड्डा

व्यासपीठावर बसलेला मोठा माणूस झोपला, तर त्याला उठवायचा सभ्य मार्ग एकच आहे. त्याच्या पुढ्यातली पाण्याची बाटली बदलायची. जुनी उचलताना ती जरा चुरगळायची, म्हणजे कर्र असा आवाज होतो. माणूस आधी मान डोलवतो आणि मग डोळे उघडतो. सभागृहाला वाटतं, इतका वेळ तो विचार करत होता. हे मला कुणी शिकवलं नाही. बऱ्याच बाटल्या बदलल्यावर कळलं.

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिही, असं संपादक काकूंनी सांगितलं, तेव्हा मी तीन आठवडे त्यांचा फोन उचलला नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी घरात ऐकत आले आणि उत्तरं बहुतेक हिंदीत देत आले. शिवाय स्वतःबद्दल बोलणं मला जमत नाही. शेवटी काकू घरीच येऊन बसल्या. शुद्धलेखन आईनं तपासलंय, त्यामुळे चुका राहिल्या असतील तर त्या तिच्या.

माझं काम म्हणजे चर्चासत्रं जुळवणं. हे आईला मी अनेकदा समजावून सांगितलं आहे.

"म्हंजे तू लोकायले सोफ्यावर बसवतेस अन् बोलायले लावतेस?"

"हो."

"अन् ते काय बोलतीन, हे तू ठरवतेस?"

"थोडंफार."

"काहून? त्याईचं त्याईले ठरवता येत नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मी आठ वर्षं टाळत आले आहे.

रायपूरच्या शंकर नगरात आमची कंपनी आहे. मालक दुबेजी. त्यांच्या वडिलांचं पुरानी बस्तीत टेंट हाउस होतं. रायपूर राजधानी झालं आणि टेंट हाउसची इव्हेंट कंपनी झाली. माल तोच राहिला, बिलावरचा शब्द बदलला. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे राजकीय पक्ष, आणि त्यांचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे देणगीदारांचं संमेलन. तांदळाच्या गिरण्यांचे मालक, लोखंडवाले, ट्रान्सपोर्टवाले, सिमेंटचे डीलर, नर्सिंग होमवाले, असे पक्षाला मदत करणारे लोक वर्षातून एकदा एकत्र बोलावतात. पक्ष कुठला ते मी सांगणार नाही. मंडळाच्या गणपतीला सगळ्याच पक्षांचे लोक येतात.

या पाहुण्यांना हवं असतं बरं जेवण, पक्षाच्या अध्यक्षजींसोबत फोटो, आणि अध्यक्षजींनी नाव घेऊन हाक मारणं. हे सगळं अध्यक्षजी आल्यावरच होतं. पत्रिकेवर ते अकराला येणार असतात आणि येतात दोनला. मधले तीन तास हे माझं कार्यक्षेत्र.

पूर्वी या तीन तासांत आर्केस्ट्रा असायचा. मग पक्षातलं कुणीतरी दिल्लीला जाऊन आलं आणि तिथे लोक कोचावर बसून चर्चा करतात असं पाहून आलं. तेव्हापासून आपल्याकडेही 'पैनल' हवं झालं. दुबेजींनी त्यासाठी एक वेगळा विभाग काढला. त्या विभागात मी आहे. बाकी कुणी नाही.

संमेलन नव्या रायपुरात घ्यायचं, यातही हिशोब असतो. तिथे रस्ते रुंदच्या रुंद आणि माणूस दिसत नाही. सभागृहाबाहेर चहाची टपरीसुद्धा नाही. पाहुणा कंटाळला तरी जाणार कुठे? पण आमचा पाहुणा आमच्याहून हुशार. तो फोन पोटाशी धरून, वाकून, जणू घरून तातडीचा निरोप आलाय असं तोंड करून बाहेर पडतो आणि स्वतःच्या गाडीत एसी लावून बसतो. अध्यक्षजींच्या गाडीचा सायरन ऐकू आला की परत येतो.

चर्चासत्र रंगायचं तर वर बसलेल्या दोघांचं तरी आपसात पटता कामा नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून एका वर्षी मी दोन महिने खटपट करून गिरणीवाले दोन सेठजी मिळवले. ते कित्येक वर्षं एकमेकांशी भांडत होते. एकाचं म्हणणं, गिरण्या शहराबाहेर गेल्या पाहिजेत. दुसऱ्याचं म्हणणं, आधी तुमची हलवा. मी खूष होते. संमेलन शनिवारी होतं. गुरुवारी एकाच्या मुलाचं दुसऱ्याच्या मुलीशी लग्न ठरलं. अख्ख्या सभागृहाला ते माहीत होतं. माहीत नव्हतं फक्त मला.

"तो सेठजी," सूत्रसंचालकानं सुरुवात केली, "आप कहते हैं मिलें बाहर जानी चाहिए?"

"मैं क्या कहूँ? पहले समधीजी कहें."

"ना ना, लड़केवाले पहले."

"अरे, आपकी बात में ही हमारी बात है."

"फिर भी आप ही कहिए."

असं वीस मिनिटं चाललं. मी पडद्यामागून चिठ्ठी पाठवली: 'कृपया असहमत हों.' सेठजींनी ती वाचली, घडी केली आणि व्याह्यांना दाखवली. दोघांनीही हात जोडले. मी खांबाआडून पाहिलं, तर शेवटच्या रांगेपासून लोक वाकून वाकून निघाले होते. चर्चा संपली तेव्हा समोर माणसं कमी आणि खुर्च्यांचे पांढरे अभ्रेच जास्त होते.

दुबेजींना टेंट हाउसच्या काळापासून एक विद्या येते. मोकळी खुर्ची त्यांना एका नजरेत मोजता येते, जशी काही बायकांना फोडणी वासावरून कळते. त्यांनी मला बोलावलं.

"बेटा, मैं कुर्सीवाला आदमी हूँ. अगली बार पैनल खतम होने से पहले आधी कुर्सियाँ खाली दिखीं, तो पैनल बंद. आर्केस्ट्रा चालू. और तुम वापस बैज टेबल पर."

बैज टेबल म्हणजे प्रवेशद्वाराशी असतं ते. पाहुण्यांना नावाचे बिल्ले द्यायचे. मी पहिली दोन वर्षं तिथे काढली आहेत. दिवसभर शेकडो अनोळखी माणसांशी हसून बोलावं लागतं, आणि त्यातला प्रत्येक जण विचारतो की माझं नाव भावाच्या नावापेक्षा लहान का छापलंय. घरी गेल्यावर मी आईशीसुद्धा बोलू शकत नसे. चर्चासत्राच्या कामात मात्र मी खांबाआड उभी राहते, कानात वॉकी-टॉकीचं बोंड असतं आणि कुणाशी बोलावं लागत नाही. दुनियेत माझ्यासाठी एवढी एकच जागा बनली होती, आणि ती आता खुर्च्यांच्या हिशोबावर टांगलेली होती.

पुढच्या वर्षी मी काहीही नशिबावर सोडलं नाही. चार वक्ते घेतले: लोखंडाचे एक सेठजी, तांदळाचे एक सेठजी, बांधकाम विभागातले एक निवृत्त अधिकारी आणि कॉलेजातल्या एक प्राध्यापिका. लग्नाच्या वयाचं मूल कुणाच्याच घरात नाही, याची आधी चौकशी केली. सूत्रसंचालनाला आपल्या मंडळाचे दाणी सर बोलावले. अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मला लहानपणापासून ओळखणारे, आणि झोप न येणारे. विषय पक्षाच्या भैयाजींनी दिला. भैयाजी म्हणजे व्यवस्थाप्रमुख. पांढरा कुर्ता, दोन फोन आणि दोन्हींवर एकाच वेळी वेगवेगळी वचनं. विषय होता 'संवाद से समृद्धि: अगले पचास साल.'

"सर, विषय जरा मोठा आहे," मी म्हटलं.

"मोठा नाही, पोरी, पोकळ आहे," दाणी सर म्हणाले. "पण बरं आहे. पन्नास वर्षांनी तपासायले कोणी येत नाही."

प्रेक्षकांतून प्रश्न यावेत म्हणून बारा प्रश्न मी आधीच चिठ्ठ्यांवर लिहून ठेवले. ही लबाडी सगळेच करतात. आपल्याच चार-पाच माणसांना चिठ्ठ्या देऊन ठेवायच्या. नाहीतर 'किसी का कोई सवाल?' यानंतर जी शांतता पडते, तिच्यात कॅटररची पळी पडलेली ऐकू येते.

पाच साध्या खुर्च्या मागवल्या होत्या. त्या आल्या नाहीत. लोखंडवाल्या सेठजींच्या ऑफिसातून दुबेजींना फोन आला की हात नसलेल्या खुर्चीतून साहेबांना उठता येत नाही. आदल्या दिवशी त्याच सभागृहात एक रिसेप्शन झालं होतं आणि मंडप आमचाच होता. दुबेजींनी तिथला सोफा तसाच ठेवला. सकाळी मी पोचले आणि स्टेजकडे पाहून दारातच थांबले. लाल मखमलीचा, सोनेरी पायांचा, पाच जण बसतील असा वर-वधूचा सोफा. मागे शेवंती आणि झेंडूचा पडदा. डावीकडून चढायला आणि उजवीकडून उतरायला लाल गालिच्याच्या पायऱ्या. थर्माकोलची नावं काढली होती, पण 'वेड्स' हा शब्द राहिला होता.

"दुबेजी, ये सब..."

"फूल ताजे हैं बेटा. उतारने का भी लेबर लगता है."

'वेड्स' मी स्वतः स्टुलावर चढून काढला.

साडेअकराला चर्चा सुरू झाली. दाणी सरांनी विषय मांडला. अधिकारी साहेब म्हणाले, "देखिए, यह बहुत अच्छा प्रश्न है," आणि तो किती अच्छा आहे हे सांगू लागले. सभागृह गच्च भरलेलं होतं. मी खांबाआडून दुबेजींकडे पाहिलं. ते खुर्च्या मोजत होते.

दहाएक मिनिटांनी दुसऱ्या रांगेतून एक सिमेंटचे डीलर उठले. मला वाटलं, झालं, निघाले गाडीकडे. पण ते वाकले नाहीत. त्यांनी कुर्ता नीट केला, बायकोला खूण केली, आणि दोघं डावीकडच्या पायऱ्या चढून सोफ्यामागे जाऊन उभे राहिले.

त्यांची चूक नव्हती. समोर लाल सोफा, मागे फुलं, दोन्हीकडे पायऱ्या आणि वर नटूनथटून बसलेली माणसं. असं दिसलं की आपल्याकडच्या माणसाचे पाय आपोआप चढतात. आमचा फोटोग्राफरही लग्नाचाच. तो सवयीनं पुढे आला.

"थोड़ा पास-पास. सर, आप इधर देखिए."

अधिकारी साहेब वाक्याच्या मध्यात होते. ते थांबले, इधर पाहिलं, हसले, फ्लॅश पडला, आणि वाक्य पुढे सुरू झालं. लोखंडवाले सेठजी अर्धे उठले, सिमेंटवाल्यांना हात जोडले आणि म्हणाले, "आए, अच्छा लगा. खाना खाकर जाइएगा."

बस. सिमेंटवाले उजवीकडून उतरेपर्यंत डावीकडे रांग लागली होती. गुलदस्ते कुठून आले मला आजही माहीत नाही.

दाणी सरांचा आवाज माझ्या कानात आला. त्यांनी गळ्यातल्या माईकवर हात ठेवला होता, पण त्यांच्याजवळची वॉकी-टॉकी चालू होती. "अगं पोट्टी, हे काय होऊन राहिलं? मी चर्चा घेऊन राहिलो का आहेर?"

मला त्याहून वाईट गोष्ट दिसत होती. उजवीकडच्या पायऱ्या जिथे उतरतात, तिथे जेवणाच्या दालनाचं दार होतं. फोटो काढून उतरलेला माणूस सरळ आत जात होता. कॅटररनं बुफेची झाकणं उघडली नव्हती, पण जिलेबी तळायला घेतली होती आणि तिचा वास झाकणात राहत नाही. नळातून टाकी रिकामी व्हावी तसं अख्खं सभागृह माझ्या स्टेजवरून वाहून जाणार होतं. दुबेजींचे ओठ हलत होते. मोजणी सुरू झाली होती.

माझे बाबा रेल्वेत टीटीई होते. ते कधी ओरडत नसत. डब्यात शिरले की कुणाकडे नीट न बघता नुसता हात पुढे करत, आणि माणसं खिसे चाचपू लागत. लहानपणी मी हे एकदा पाहिलं आहे. त्या दिवशी मी खांबाआडून निघून डाव्या पायऱ्यांशी कशी पोचले, ते मला सांगता येणार नाही. पण पोचले, मान खाली घातली आणि हात पुढे केला.

रांगेत पहिला होता एक ट्रान्सपोर्टवाला. त्यानं माझ्या हातावर आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवलं.

"नहीं भैया. पहले एक सवाल. जवाब सुनना है, फिर फोटो."

"सवाल किसका?"

"आपका. ये लीजिए." चिठ्ठ्या अजून वाटायच्या राहिल्या होत्या, खिशातली एक मी त्याला दिली.

पायऱ्यांशीच प्रेक्षकांसाठी माईक उभा होता. त्यानं चिठ्ठी वाचली. "अगले पचास साल में... उद्योग का चेहरा... कैसा होगा. लो, हो गया. अब फोटो?"

"जवाब के बाद."

तो जवाबासाठी थांबला. त्याच्या मागचेही थांबले. नियम एकदा कळला की आपली माणसं तो इतरांकडून फार काटेकोर पाळून घेतात. "ए, बिना सवाल के कैसे चढ़ रहे हो?" असं रांगेतच सुरू झालं. आणि ओळखीचा माणूस माईकवर अडखळतोय हे बघायला बसलेलेही बसून राहिले. दुबेजींचे ओठ थांबले.

बारा चिठ्ठ्या बारा माणसांत संपल्या. तेरावे आले साहूजी.

साहूजींचा बीरगावात छोटा कारखाना आहे. खिळे आणि तारेची जाळी बनवतात. दर वर्षी येतात, शेवटच्या रांगेत बसतात, टाळ्या वाजवतात, जेवतात आणि जातात. माझ्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनीही हात पुढे केला.

"चिट?"

"खतम हो गई. अपना पूछ लीजिए."

"अपना?"

"हव."

"कुछ भी?"

"हव."

त्यांनी मागे वळून पाहिलं, की ही परवानगी खरोखर आपल्यालाच आहे का. मग माईक दोन्ही हातांनी धरला.

"मेरे कारखाने के सामने एक गड्ढा है. तीन साल से है. यहाँ आप चार बड़े लोग बैठे हैं. मैं किससे बोलूँ?"

अधिकारी साहेब म्हणाले, "देखिए, यह बहुत अच्छा प्रश्न है," आणि प्रथमच त्यापुढचं वाक्य शेजारच्या सेठजींवर सोडलं.

"बीरगाव में कहाँ?" तांदळवाल्या सेठजींनी विचारलं.

"पानी टंकी से आगे, मोड़ पर."

"अरे, वो गड्ढा! मेरा ट्रक पलटा था उसमें!"

"आपके ट्रकों से ही तो बड़ा हुआ सेठजी," साहूजी म्हणाले. "पहले इतना-सा था."

सभागृह हसलं. सेठजींना राग आला. "गड्ढा ट्रक से नहीं होता, खोदने से होता है. खोदा किसने? किसी ने पाइप डाला था वहाँ."

लोखंडवाले सेठजी फुलांच्या पडद्याकडे बघू लागले.

"पाइप मेरा है," तिकडेच बघत ते म्हणाले. "लेकिन परमिशन लेकर डाला था. भरने का काम विभाग का था."

आता सगळे अधिकारी साहेबांकडे बघू लागले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"वह फाइल मेरे समय की है," ते म्हणाले. "मेरी टेबल पर थी. फिर मैं रिटायर हो गया."

तोवर एवढं सरळ वाक्य माझ्या कुठल्याही स्टेजवर कुणी बोललं नव्हतं. टाळ्या पडल्या. साहेब इतके चकित झाले की त्यांनी उठून नमस्कार केला.

उरल्या प्राध्यापिका मॅडम. त्यांनी हळूच हात वर केला. "उस गड्ढे पर हमारे स्टूडेंट्स ने प्रोजेक्ट किया है. लंबाई, चौड़ाई, बरसात का पानी, सब नापा है."

"तो भरवाया क्यों नहीं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"नापना हमारा काम था," मॅडम म्हणाल्या.

पन्नास वर्षांचा विषय केव्हाच सुटला होता. रांग मोडून सगळे स्टेजभोवती जमले. ज्यांच्या गाड्या त्या वळणावर आदळल्या होत्या असे सात-आठ जण निघाले. गाडीत जाऊन बसलेले दोघं ड्रायव्हरसकट परत आले. साहूजींना वर ओढून सोफ्यावर बसवलं, कारण खड्डा नेमका कुठून कुठवर ते त्यांनाच माहीत होतं. कॅटररनं वाट पाहून झाकणं उघडली आणि तरीही कुणी गेलं नाही. ज्यांना आपल्या लोकांची ओळख आहे त्यांना याचं मोल कळेल.

भैयाजी मात्र पांढरे पडले होते. देणगीदारांच्या संमेलनात कुणी खरंच काही विचारायचं नसतं. वॉकी-टॉकीवर त्यांचा आवाज आला. "मैडम, सवाल बंद कराइए. अभी के अभी."

"हव भैयाजी," मी म्हटलं.

छत्तीसगढी 'हव'ची मोठी सोय आहे. त्याचा अर्थ हो असा असतो, पण त्यात केव्हा ते येत नाही. भैयाजी इथलेच, त्यामुळे त्यांना ते लगेच कळलं. ते स्टेजकडे धावत निघाले आणि गर्दीत अडकले.

या गोंधळात सायरन कुणालाच ऐकू आला नाही. मी तर मान खाली घालूनच उभी होते. रांग पुन्हा लागली होती, मला फक्त पायातलं दिसायचं: सँडल, बूट, कोल्हापुरी. मग एक पांढरीशुभ्र मोजडी आली आणि पहिल्या पायरीवर चढली. मी हात आडवा धरला.

"सवाल?"

मोजडी थांबली. मागे कुणीतरी जोरात श्वास घेतला. मी वर पाहिलं. अध्यक्षजी होते.

दारातून आत आले, कुणी हात जोडले नाहीत, कुणी वळलं नाही, तेव्हा त्यांनीही समोरचा सोफा, फुलं आणि पायऱ्या पाहिल्या असणार. त्यांचेही पाय आपल्याच गावचे.

"सवाल?" त्यांनी विचारलं.

"जी. पहले सवाल, फिर फोटो." हे मी मुद्दाम म्हटलं नाही. सकाळपासून तेच म्हणत होते, तेच तोंडातून निघालं.

सगळं सभागृह वळून बघू लागलं. अध्यक्षजींनी माईक हातात घेतला. अनेक वर्षं ते फक्त उत्तरं देत आले होते. प्रश्न कसा विचारतात, हे आठवताना त्यांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"भाइयो, बहनो... खाना हुआ?"

"नहीं!" सगळं सभागृह एका आवाजात म्हणालं.

"तो पहले खाना खाइए!"

पुढची दोन मिनिटं मी भिंतीला चिकटून काढली. पुढे अध्यक्षजी, मागे भैयाजी आणि त्यांच्यामागे अख्खं संमेलन.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. पुढच्या वर्षी त्या पक्षानं सोफा, फुलं आणि फोटोची रांग तशीच ठेवली आणि सवाल तेवढे काढले. आता रायपुरात सगळ्यांना 'फोटोवाला पैनल' हवं असतं. मी ते करते. लोक हसत येतात आणि हसत जातात, आणि वर काय बोलणं चाललंय हे कुणी मला कधी विचारत नाही. याची मला थोडी लाज वाटते. खड्डा अर्धा बुजला. पाइपाच्या बाजूचा लोखंडवाल्यांनी भरला आणि ट्रकच्या बाजूचा तांदळवाल्यांनी. मधला पट्टा विभागाचा आहे, तो आहे तसाच आहे. मॅडमच्या विद्यार्थ्यांनी तो परत मोजला.

पण त्या दुपारी यातलं काही ठाऊक नव्हतं. मला दिसत होत्या फक्त खुर्च्या, समोर ओळीनं मांडलेल्या, पांढऱ्या आणि साफ रिकाम्या. दुबेजी मधल्या वाटेतून हळूहळू चालत आले. मोजण्यासारखं काही नव्हतं, तरी मोजत आले.

"आभार-प्रदर्शन हुआ?"

"नहीं."

"मतलब पैनल अभी खतम नहीं हुआ."

"नहीं."

"और कुर्सियाँ?"

मला नेहमीसारखं गप्प बसता आलं असतं. बैज टेबल डोळ्यांसमोर दिसत होतं, वरचे ओळीत लावलेले बिल्ले दिसत होते.

"कुर्सियाँ खाली हैं," मी म्हटलं. "पर सोफा देखिए न."

सोफा सोडून कुणीही गेलं नव्हतं. तांदळवाल्या सेठजींनी मखमलीवर बोट ओढून बीरगावचा रस्ता काढला होता. मखमल उलट बाजूनं दाबली की गडद होते, त्यामुळे रस्ता छान दिसत होता. लोखंडवाले सेठजी त्यावर पाइप काढत होते. मॅडमनी पडद्यातून झेंडू तोडून ट्रक म्हणून ठेवले होते. अधिकारी साहेब गुडघे टेकून खाली बसले होते आणि साहूजी त्यांना सांगत होते, "साहब, आपका हाथ जहाँ है, ठीक वहीं गड्ढा है." दाणी सर माझ्याकडे बघून म्हणाले, "जेवण इथेच पाठव. आत्ता कोणी उठत नाही."

दुबेजी पायऱ्यांशी उभे राहिले. बघत राहिले. मग डावीकडून वर चढले. मला वाटलं, झालं, आता बंद करणार. ते सोफ्यावर वाकले, एक झेंडू उचलला आणि दुसऱ्या टोकाला ठेवला.

"गलत है," ते म्हणाले. "ट्रक इधर से मुड़ता है. मेरे टेंट का माल रोज वहीं से निकलता है."

सगळ्यांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"आपका भी?" साहूजी म्हणाले, आणि सरकून त्यांना जागा करून दिली.